एकच चॅनल थेट कंपनीकडून का मिळत नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘आई सांगलीत एकटी असते. दोन मराठी वाहिन्या आणि क्रिकेट, यापलीकडे ती काही बघत नाही. एवढ्यासाठी केबलचं कनेक्शन, त्याची महिन्याची वेगळी फी आणि कधीही न लावलेली दोनशे चॅनल कशाला? चॅनलवाली कंपनी थेट मलाच का विकत नाही? मी पैसे द्यायला तयार आहे.’

तुमचं शेवटचं वाक्य मी १९९७ पासून ऐकतोय. त्या वर्षी मी मिरजेत केबलचा धंदा सुरू केला, सहाशे घरांचा. बारा-तेरा वर्षांनी तो विकला आणि एका एमएसओकडे नोकरीला लागलो. एमएसओ म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्याला सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी. तिथे माझं काम चॅनलवाल्यांशी करार करायचं. म्हणजे दारात उभं राहून शंभर रुपये गोळाही केले आहेत, आणि त्या शंभरातला कुणाचा वाटा किती यावर टेबलाशी बसून रात्री दहापर्यंत भांडलोही आहे.

तुमच्या प्रश्नाला एक कायदेशीर उत्तर आहे. ते आधी सांगतो, कारण फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. आपल्याकडे उपग्रह वाहिनी दाखवायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची डाउनलिंकिंगची, म्हणजे उपग्रहावरून सिग्नल खाली घेण्याची, परवानगी लागते. या परवानगीच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आहे: वाहिनीचा सिग्नल उघडणारा डिकोडर कंपनीने फक्त नोंदणी झालेल्या एमएसओला किंवा केबल ऑपरेटरला, डीटीएचवाल्याला आणि हिट्स (उपग्रहामार्फत केबलवाल्यांना सिग्नल पुरवणं) किंवा आयपीटीव्ही (इंटरनेटच्या तारेवरून टीव्ही) यांची परवानगी असलेल्यांनाच द्यायचा. आमच्या हेडएंडला, म्हणजे सगळी चॅनल घेऊन केबलमध्ये सोडतात त्या केंद्राला, गेलात तर थंडगार खोलीत लोखंडी रॅकवर असे डिकोडर एकावर एक रचलेले दिसतील, पातळ आणि लांबट, समोर बारीक हिरवा दिवा. प्रत्येकाचा नंबर चॅनल कंपनीकडे नोंदलेला असतो. त्यांच्या ऑफिसातून उपग्रहामार्फत निरोप गेला की तो नंबर चालू होतो, नाहीतर बंद. असला डिकोडर सांगलीत तुमच्या आईच्या घरी बसवणं कंपनीला नियमानेच जमत नाही. उलट बाजूने, जो परवानाधारक वितरक चॅनल मागेल त्याला ते भेदभाव न करता द्यायचं, हेही ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २००४ पासून कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे.

पण नियम बघून थांबू नका. नियम नसता तरी कंपनीने तुम्हाला थेट चॅनल विकलं नसतं. नियम आले तेव्हा ही व्यवस्था आधीच उभी होती.

ती उभी राहिली नव्वदच्या दशकात. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या लोकांनी सीएनएनवर पाहिल्या, त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ मध्ये झी. चॅनल उपग्रहावरून सगळ्या देशावर पडत होतं, पण छतावर मोठी डिश बसवणं कुणाला परवडणार? तेव्हा गल्लीतल्या पोरांनी एक डिश घेतली आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून तार ओढली. चॅनल कंपनीने एक मीटर तारही टाकली नाही. दर महिन्याची वसुली आम्हीच करायचो. १ तारखेपासून १० तारखेपर्यंत मी सायकलवर. प्रत्येक घराचं एक पिवळं कार्ड, त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन, पैसे मिळाले की चौकोनात सही. ‘साहेब घरी नाहीत, उद्या या’ हे सहाशेपैकी दोनशे घरांत ऐकायचं. जुलैत पाऊस लागला की जॉइंटमध्ये पाणी जायचं आणि अर्ध्या पेठेच्या चित्रात मुंग्या यायच्या. मग रात्री आठला, ऐन मालिकेच्या वेळी, भिजत शिडीवर चढायचं.

आता चॅनल कंपनीच्या जागी बसून विचार करा. तुमच्या आईकडून तिला एका चॅनलचे महिन्याला, धरा, १९ रुपये घ्यायचे आहेत. त्यासाठी सांगलीत माणूस ठेवायचा, बॉक्स द्यायचा, तक्रारीचा फोन घ्यायचा, पैसे थकले तर बंद करायचं, आले की चालू करायचं. १९ रुपयांत यातलं एकही काम होत नाही. हीच कामं केबलवाला करतो तेव्हा त्याचा खर्च शंभर चॅनलवर पसरलेला असतो.

१९ रुपयांचं काय होतं ते एकदा मांडून दाखवतो, कारण लोकांना वाटतं केबलवाला सगळं खातो. ट्रायच्या नियमांप्रमाणे चॅनलच्या किमतीतले २० टक्के वितरण शुल्क म्हणून आमच्या बाजूला येतात, म्हणजे ३ रुपये ८० पैसे. एमएसओ आणि गल्लीतला ऑपरेटर यांच्यात वेगळा करार नसेल तर ते ५५:४५ वाटले जातात: एमएसओला २ रुपये ९ पैसे, ऑपरेटरला १ रुपया ७१ पैसे. यावर कंपनी फार तर १५ टक्के सवलत देऊ शकते, तीही तिच्या अटी पाळल्या तर. उरलेले १५ रुपये २० पैसे कंपनीचे. म्हणजे कुणाच्या घरी न जाता, फोन न उचलता, वसुली न करता कंपनीच्या हातात साधारण ८० टक्के पडतात. मधला माणूस काढून टाकला तर वाचतील ३ रुपये ८० पैसे, आणि डोक्यावर येईल घराघराचा हिशोब. कुठलीही शहाणी कंपनी हा सौदा करणार नाही.

ऑपरेटरचं घर चालतं ते नेटवर्क फीवर, ज्याला तुम्ही ‘महिन्याची वेगळी फी’ म्हणालात. २०१९ मध्ये तिची कमाल मर्यादा १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. (२०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा उठवली, आता ती ज्याची त्याने ठरवायची.) हे भाडं आहे तारेचं, बॉक्स चालू ठेवण्याचं आणि शिडीवर चढणाऱ्या पोराच्या पगाराचं. आईने दोन चॅनल पाहिली काय किंवा दोनशे, तार तेवढीच लांब असते. म्हणून ही फी मला अन्यायाची वाटत नाही. चॅनलच्या गठ्ठ्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

गठ्ठा, म्हणजे ज्याला धंद्यात बुके म्हणतात, तो कसा जन्माला आला हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यात माझाही हात होता. अ‍ॅनालॉगच्या काळात, म्हणजे घरात डिजिटल बॉक्स येण्याआधी, कुठल्या ऑपरेटरकडे किती घरं आहेत हे मोजायचं साधनच नव्हतं. तार फोडली की अजून एक घर. चॅनलचा माणूस यायचा, विचारायचा, ‘किती कनेक्शन?’ मी सहाशेचे दीडशे सांगायचो. सगळेच तसं सांगायचे. ते चूक होतं, तेव्हाही कळत होतं. चॅनल कंपन्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी घरं मोजण्याचा नाद सोडला आणि घाऊक सौदा सुरू केला: वर्षाला एवढी रक्कम द्या आणि आमची सगळी चॅनल घ्या. लोकांना हवं असलेलं एक चॅनल पुढे, त्याच्या मागे कुणी न विचारलेली आठ. ते एक हवं तर आठही घ्या. ज्या ऑपरेटरने घेतली नाहीत त्याची घरं महिनाभरात शेजारच्या ऑपरेटरकडे गेली.

आता घरं मोजता येतात. मुंबईत डिजिटायझेशन ऑक्टोबर २०१२ अखेर झालं, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर या शहरांचा नंबर २०१३ च्या मार्चमध्ये लागला, आणि लहान गावांपर्यंत पोचायला २०१७ उजाडलं. प्रत्येक बॉक्सला नंबर आहे आणि कोण कुठलं चॅनल घेतं ते कंपनीला दर महिन्याला कळवावं लागतं. तरी बुके गेले नाहीत, कारण त्यामागचं गणित मोजणीपेक्षा मोठं आहे.

दोन घरं धरा. एका घरात क्रिकेट जीव की प्राण: क्रिकेटच्या चॅनलला ते ४० रुपये देईल, मालिकांच्या चॅनलला फार तर ५. शेजारच्या घरात बरोबर उलट. दोन्ही चॅनल सुटी, ४० रुपयांना विकली तर एका घराकडून ४०, दुसऱ्याकडून ४०, एकूण ८०. दोन्हींची जोडी ४५ ला लावली तर दोन्ही घरं घेतात आणि जमतात ९०. घरांनाही ते महाग वाटत नाही. कंपनीचा खरा लाभ तर पुढे आहे: आता दोन्ही चॅनल दोन्ही घरांत पोचली. चॅनलचं निम्मं पोट जाहिरातीवर असतं आणि जाहिरातवाला पोच बघून पैसे देतो. सुट्या विक्रीत मालिकांचं चॅनल एका घरात गेलं असतं, जोडीत दोन घरांत. न बघणारं घरसुद्धा कधीतरी रिमोट फिरवताना तिथे थांबतं, आणि ते थांबणं विकलं जातं. तुमच्या आईने फक्त तीन चॅनल घेतली तर बाकी चाळीस चॅनलच्या जाहिरातीच्या हिशोबातून एक घर गळतं. कंपनीला भीती आहे ती या गळतीची, तुमच्या १९ रुपयांची नव्हे.

सुटं विकायचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असं नाही. २००७ च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईत आणि दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत ‘कॅस’ आलं, म्हणजे पैसे भरलेली चॅनल तेवढीच बॉक्समधून उघडण्याची पद्धत, प्रत्येक पे चॅनल सरसकट ५ रुपयांना. त्यात वाटणी होती कंपनीला ४५ टक्के, एमएसओला ३०, ऑपरेटरला २५. तो प्रयोग त्या पट्ट्याबाहेर फारसा गेला नाही. खरा मोठा प्रयत्न २०१९ चा. ट्रायचा नवा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ ला उचलून धरला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक ग्राहकाला एकेक चॅनल निवडायचा हक्क मिळाला. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. जानेवारीत आम्ही पाठपोट छापलेले फॉर्म वाटले: चॅनलचं नाव, किंमत, पुढे टिक करायला चौकोन. कुठलं चॅनल १० पैसे, कुठलं ५० पैसे, कुठलं १९ रुपये. मिरजेत एक निवृत्त गुरुजी तो फॉर्म घेऊन दोन तास बसले. पेन्सिलीने अकरा चॅनलना खूण केली, बाजूला बेरीज मांडली, जीएसटी मिळवला आणि मला विचारलं, ‘हे सगळं तुमच्या पॅकपेक्षा महाग कसं?’

गुरुजींची बेरीज बरोबर होती. बुकेत घालायच्या चॅनलची किंमत १९ रुपयांच्या वर नको अशी मर्यादा होती. बहुतेक कंपन्यांनी आपापलं मुख्य चॅनल नेमकं १९ ला लावलं आणि तेच चॅनल इतर दहा-बारा चॅनलसह पन्नास रुपयांच्या आत बुकेत दिलं. तीन चॅनल सुटी घेतली की ५७ रुपये, गठ्ठा त्याहून स्वस्त. निवडीचा हक्क कागदावर होता, पण वापरला की दंड बसल्यासारखं व्हायचं. ट्रायने पुढे हे आवळायचा प्रयत्न केला: २०२० मध्ये मर्यादा १२ रुपयांवर आणली, त्यावर कोर्टकज्जे झाले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा १९ रुपये, पण बुकेवर सूट ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं ठरलं. हा सुधारित नियम मला पहिल्यापेक्षा बरा वाटतो. तरीही एका कंपनीच्या जवळजवळ अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या गठ्ठ्यापुढे सुटं चॅनल कोण घेणार?

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एचबीओचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण तिच्यावर जाहिरातीच नव्हत्या. ती सुरू झाली ८ नोव्हेंबर १९७२ ला, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे गावात, ३६५ केबल ग्राहकांसाठी. जाहिरात नाही म्हणजे पोच वाढवायची सक्ती नाही. जो बघेल त्याने पैसे द्यावेत, इतका स्वच्छ हिशोब. तरी चाळीसहून अधिक वर्षं केबल किंवा डिशच्या कनेक्शनशिवाय एचबीओ मिळत नव्हती. कारण तिचा दुकानदार केबल कंपनी होती. नवीन ग्राहकाला गळ घालायची, ‘तीन महिने फुकट बघा’ म्हणायचं, बिल पाठवायचं, तक्रारी ऐकायच्या, हे सगळं केबलवाल्यांकडे आणि त्याबद्दल बिलातला मोठा वाटाही त्यांचाच. एचबीओने स्वतःचं दुकान उघडलं असतं तर हेच केबलवाले ग्राहकाला दुसऱ्याच चॅनलची शिफारस करायला लागले असते. २०१२ मध्ये तिथल्या प्रेक्षकांनी इंटरनेटवर जाहीरपणे सांगितलं, आम्ही महिन्याला इतके डॉलर थेट देतो. अगदी तुमचंच वाक्य. कंपनीने नम्रपणे नकार दिला. पुढे केबल तोडणाऱ्यांची आणि मुळातच न घेणाऱ्यांची संख्या दुर्लक्ष करण्यासारखी राहिली नाही, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये ‘एचबीओ नाऊ’ आलं, महिन्याला १४.९९ डॉलरला. केबलवर पडायची जवळपास तीच किंमत. दुकानदार दुखावणार नाही इतकीच सूट.

त्याच कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनच्या चॅनल-दुकानातून माल काढून घेतला, मधला वाटा वाचवायला. साधारण ५० लाख ग्राहक एका फटक्यात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये ती तिथे परत गेली. मधल्या माणसाकडे ग्राहक असतो, आणि ज्याच्याकडे ग्राहक त्याला वाटा द्यावा लागतो, मग तो शिडीवाला असो की अ‍ॅमेझॉन. आपल्याकडेही २०१३ मध्ये एचबीओने जाहिरातमुक्त अशी दोन चॅनल आणून पाहिली होती. दोन-तीन वर्षांत ती बंद झाली, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये मूळ चॅनलही. बुकेत सगळं स्वस्त मिळत असताना एका इंग्रजी चॅनलसाठी वेगळे पैसे मोजणारी घरं इथे पुरेशी नव्हतीच.

तुम्ही म्हणाल, आता अ‍ॅप आहे की. आहे, आणि तुम्हाला थेट विक्री हवी होती ती तिथेच होते. तिथे डिकोडरची अट नाही, तार जिओची किंवा एअरटेलची, वसुली यूपीआयने. पण अ‍ॅप आल्यावरही चॅनल कंपन्या केबलचा दोर सोडत नाहीत. २०२३ ते २०२७ चे आयपीएलचे हक्क विकले गेले तेव्हा भारतातल्या टीव्हीच्या हक्कांना २३,५७५ कोटी मिळाले आणि डिजिटलला २३,७५८ कोटी. इतके पैसे टीव्हीवर लावलेली कंपनी केबलवरच्या कोट्यवधी घरांना दुखावून चालेल कशी? आणि दुखावलं की काय होतं ते मी फेब्रुवारी २०२३ मध्ये पाहिलं. नव्या दरांचे करार बऱ्याच एमएसओंनी सही केले नाहीत म्हणून मोठ्या कंपन्यांनी सिग्नल बंद केले. देशात सुमारे साडेचार कोटी घरांतली लोकप्रिय चॅनल काही दिवस काळी पडली. आमच्या हेडएंडमध्ये एकामागून एक डिकोडर बंद झाले. सकाळी नऊपासून फोन, आणि शिव्या खाल्ल्या त्या मोटरसायकलवरून वसुलीला गेलेल्या पोरांनी, ज्यांचा त्या करारांशी काहीच संबंध नव्हता. त्या पोरांचं मला अजून वाईट वाटतं. आठवड्याच्या आत समझोता झाला. कंपन्यांनाही प्रेक्षक हवे होते, आम्हालाही.

केबलवाल्यांचा राग दुसऱ्या बाजूने आहे, आणि तो मला रास्त वाटतो. ज्या चॅनलचे आम्ही घरोघरी पैसे मागायचे, तोच सामना २०२३ च्या विश्वचषकात मोबाईलवर फुकट होता. गिऱ्हाईक विचारणारच, ‘मग मी का देऊ?’ हा वाद टीडीसॅटपर्यंत, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाचे तंटे सोडवणाऱ्या लवादापर्यंत, गेला. शिवाय अ‍ॅपसुद्धा आता सुटी राहिलेली नाहीत. मोबाईल रिचार्जबरोबर अ‍ॅप, ब्रॉडबँडबरोबर बारा अ‍ॅप, डीटीएचबरोबर वीस. पुन्हा गठ्ठाच, पुन्हा दारातल्या माणसाच्या बिलात.

आता तुमच्या आईचं. क्रिकेटसाठी दूरदर्शन लावून काम भागेल असं समजू नका: राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला मिळतात, पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाहीत, त्यासाठी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची स्वतःची डिश सेवा, लागते. फ्री डिशला महिन्याची फी नाही, पण आईच्या दोन मराठी वाहिन्या पे असतील तर त्या तिथे मिळणार नाहीत. त्यामुळे केबल किंवा डीटीएच ठेवावंच लागेल.

ऑपरेटरला सांगा, ‘पॅक नको, सुटी चॅनल लावा.’ तो नाही म्हणू शकत नाही, हा तुमचा हक्क आहे. १९ रुपयांची तीन चॅनल जीएसटीसह ६७ रुपये २६ पैसे; नेटवर्क फी १३० धरली तर तीही करासकट मिळवून महिन्याला २२० रुपये ६६ पैसे. मग त्याच्याच मराठी पॅकची जीएसटीसकट एकूण किंमत विचारा आणि जे स्वस्त ते घ्या. बऱ्याचदा पॅक स्वस्त पडेल, आणि का ते आता तुम्हाला माहीत आहे. एचडीचं चॅनल वेगळं मोजलं जातं, आईचा टीव्ही जुना असेल तर ते घेऊ नका. सामन्यांचा मोसम संपला की क्रिकेटचं चॅनल बंद करा. एमएसओच्या अ‍ॅपवरून किंवा ऑपरेटरला फोन करून ते होतं, बॉक्सच्या खालचा नंबर तेवढा जवळ ठेवा. आणि दोन वाहिन्यांचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून आईच्या रिमोटजवळ चिकटवा, कारण पॅक बदलला तरी ते आकडे सहसा बदलत नाहीत.